रुमालाखालचे भाव

कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरलं की मोबाइलचं दुकान शोधावं लागत नाही. २०१६-१७च्या सुमाराला तर मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या दर दोन दुकानांतल्या एकाची पाटी निळी नाहीतर हिरवी झालेली असायची. निळी विवोची, हिरवी ओप्पोची. कंपनीचं नाव ठसठशीत आणि दुकानदाराचं कोपऱ्यात, बारीक. एकाने निळी लावली की समोरच्याने हिरवी लावलीच. बांधावरून भावकी पेटावी तसा हा प्रकार दिसायचा, आणि ती खरोखर भावकीच होती. या दोन्ही कंपन्या चीनमधल्या बीबीके इलेक्ट्रॉनिक्स या एकाच घरातून निघालेल्या. वनप्लस आणि रिअलमी त्याच वाड्यातल्या.

पाट्यांवरचं हे भांडण धंद्याचं. फोनवाल्यांची खरी भांडणं कोर्टात चालतात, आणि तिथे वादी म्हणून उभी असलेली कंपनी बऱ्याचदा फोन विकतच नसते. भारतातल्या सर्वात गाजलेल्या मोबाइल खटल्यांची वादी एरिक्सन. तिने सोनीबरोबरच्या फोनच्या भागीदारीतून २०१२ मध्येच अंग काढून घेतलं. दुसरी नोकिया. तिने फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला. शेत विकलं पण विहिरीतल्या पाण्याचा हक्क राखून ठेवला, अशी ही मंडळी.

सांगली-तासगावच्या बाजाराशी ज्याचा संबंध आला, त्याला हत्ता पद्धत ऐकून तरी माहीत असते. अडत्या आणि खरेदीदार हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी दोन हातांवर उभा, पण आकडा त्याला कळायचा नाही. बाजार कायद्याने हे बंद केलं. बेदाण्याचे सौदे आता उघड बोलीने होतात. मोबाइल पेटंटचा दर मात्र अजूनही रुमालाखालीच ठरतो. गेल्या पंधरा वर्षांतले खटले एकापाठोपाठ एक वाचत गेलो तेव्हा मला सगळ्यात जास्त हेच दिसलं. प्रत्येक खटल्यात कोणीतरी रुमाल उचलायला बघतं, आणि तडजोड झाली की तो पुन्हा पसरला जातो.

जगभर गाजलेलं भांडण ॲपल आणि सॅमसंगचं. त्यावर इतकं लिहून झालंय की इथे थोडक्यात. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात दावा लावला, की गॅलेक्सी फोन म्हणजे आयफोनची नक्कल. गोलसर कोपऱ्यांचा आयत, यादी शेवटापर्यंत सरकवली की तिने घेतलेली उसळी, दोनदा टिचकी मारून चित्र मोठं करणं, असे मुद्दे. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने १०५ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई सांगितली. मग आकडा कमी-जास्त होत राहिला. प्रकरण २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ५३.९ कोटी सांगितले, आणि महिनाभरात दोघांनी आपसात मिटवलं. किती रुपयांवर, ते कोणालाच सांगितलं नाही. ही सगळी सात वर्षं सॅमसंग ॲपलला सुटे भाग विकत होती आणि ॲपल ते घेत होती. इंग्लंडच्या एका न्यायाधीशांनी २०१२ मध्ये निकाल दिला, की सॅमसंगचा टॅब ॲपलच्या टॅबइतका झकास दिसत नाही, म्हणून ती नक्कल नव्हे. खटला जिंकून असा शेरा पदरात पडणं म्हणजे अवघडच.

पण ते भांडण रूपाचं होतं. कोपरा गोल नको असेल तर चौकोनी करता येतो. पुढची भांडणं ज्यावरून झाली, ती गोष्ट टाळताच येत नाही. एका फोनने दुसऱ्याशी बोलायचं तर दोघांना एक भाषा हवी. जीएसएम, थ्रीजी, फोरजी या त्या भाषा. त्या ठरवणाऱ्या संस्थांत कंपन्या आपापलं संशोधन मांडतात. १९८८ मध्ये स्थापन झालेली युरोपातली एत्सी ही त्यातली महत्त्वाची संस्था. ज्या कंपनीची युक्ती मानकात बसली, तिच्या पेटंटला वळसा घालून फोन बनवणं मग अशक्य होतं. त्या बदल्यात तिच्याकडून वचन घेतलेलं असतं, की कोणीही मागितलं तर परवाना देऊ, रास्त दराने देऊ आणि दुजाभाव करणार नाही. याला या धंद्यात ‘फ्रँड’ म्हणतात. रास्त म्हणजे किती, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. सगळी वकिली त्या एका शब्दावर पोसली गेली आहे.

आपल्या द्राक्षाकडे बघितलं की हे चटकन कळतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सनच्या वेलींतून निवडून काढलेला ‘तास-ए-गणेश’ महाराष्ट्रभर पसरला तो काडीने. वाणावर हक्क सांगायचा कायदाच तेव्हा देशात नव्हता, तो २००१ मध्ये आला. आता ‘आरा’सारखे परदेशी वाण आले आहेत. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने ते परवाना घेऊन आणले. तिथे नुसती काडी आणून डोळा भरून चालत नाही, वाणाच्या मालकाला रॉयल्टी पोचावी लागते. भारतीय मोबाइल कंपन्या नेमक्या या दोन काळांच्या मध्ये सापडल्या. त्यांनी काडी आणली शेन्झेनहून, आणि बाग धरल्यावर मालक दारात आला.

तो आला मार्च २०१३ मध्ये. एरिक्सनने दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्सवर दावा लावला. आठ पेटंटं, १०० कोटींची मागणी. न्यायालयाने सुरुवातीलाच मनाई दिली, आयात होणारा माल कस्टममध्ये अडू लागला, आणि त्याच महिन्यात दोघांनी हंगामी दर मान्य केले. साध्या जीएसएम फोनवर किमतीच्या १.२५ टक्के, पुढच्या तंत्रांवर २ टक्क्यांपर्यंत. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने ते खाली आणले, फोनच्या प्रकारानुसार आणि वर्षानुसार ०.८ ते १.३ टक्के. दीड वर्षात दर इतका खाली येतो, याचा अर्थ पहिला आकडा बोलीचा होता. बाजारात पहिली बोली कशासाठी असते ते आपल्या माणसाला सांगायला नको.

मायक्रोमॅक्स तेव्हा जोरात होती. २०१४ च्या अखेरीस कॅनॅलिस या संस्थेने तिला भारतात सॅमसंगच्याही वर, पहिल्या नंबरवर धरलं होतं. एरिक्सनने मग एकेकीला गाठलं, इंटेक्स, लाव्हा, मुंबईची आयबॉल. मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लाव्हा, कार्बन या चौघींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘मिल्क’ हा शब्द धंद्यात रूढ होता. दूध फाटलं ते पेटंटमुळे की चिनी स्पर्धेमुळे, यावर दोन मतं आहेत. माझ्या मते चिनी फोन आले नसते तरी दर साल विक्रीतून रॉयल्टी वजा करून स्वतःचं संशोधन उभं करणं या कंपन्यांना जमलं नसतं. ते करायचा त्यांचा विचारही दिसत नव्हता. आयात, ब्रँड, जाहिरात आणि क्रिकेट एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

मायक्रोमॅक्स गप्प बसली नाही. तिने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने १२ नोव्हेंबर २०१३ ला चौकशीचा आदेश दिला. त्यातलं एक उदाहरण मला पाठ झालंय. तीच चिप १०० रुपयांच्या फोनमध्ये बसली तर रॉयल्टी सव्वा रुपया, आणि हजाराच्या फोनमध्ये बसली तर साडेबारा रुपये. चिपने काम तेवढंच केलं, मग दहापट पैसे कशाचे? कॅमेरा, पडदा, बॅटरी यांच्यासाठी फोन महागला, त्यात एरिक्सनचा काय वाटा? आयोगाने दुसरीही गोष्ट टिपली. दर विचारायला जाणाऱ्याकडून आधी गुप्ततेचा करार लिहून मागितला जात होता. म्हणजे शेजाऱ्याला किती लावलं हे कळू द्यायचं नाही, आणि दुजाभाव करत नाही हेही सांगायचं. रुमाल म्हणतो तो हाच.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. म्हैसाळच्या उपशाचं पाणी आमच्याकडे येतं, त्याची पट्टी परंपरेने पीक आणि क्षेत्र बघून लागते. पाणी तेच, पण उसाचा दर वेगळा आणि बाजरीचा वेगळा. ज्याला जास्त मिळतं त्याने जास्त भरावं, हा हिशेब आपण तिथे चालवून घेतो. एरिक्सनचं म्हणणं त्याच चालीवरचं होतं. स्मार्टफोन इंटरनेटशिवाय नुसता आरसा, म्हणून किमतीतला हिस्सा आमचा. शिवाय किमतीवर टक्केवारी लावण्याची धंद्यात जुनी वहिवाट आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र पाणीपट्टीचा दर सरकारी कागदावर छापलेला असतो, कोणीही वाचू शकतं. हा फरक मला लहान वाटत नाही.

आयोगाला चौकशीचा अधिकार आहे का, यावरच मग जवळपास बारा वर्षं गेली. मार्च २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी आहे म्हटलं. जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने नाही म्हटलं, पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्यापासून सगळ्या तरतुदी आहेत, त्याच चालतील. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, ते अपील सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. तोवर तक्रारदार मायक्रोमॅक्सने एरिक्सनशी २०१८ मध्येच मिटवलं होतं. दर किती ठरला? रुमाल.

आयबॉलची गोष्ट छोटी आहे, पण मराठी मुलखातली म्हणून सांगतो. मुंबईची ही कंपनी संगणकाचे माउस-कीबोर्ड विकत टॅबलेट आणि फोनपर्यंत आली. तिनेही स्पर्धा आयोगाकडे एरिक्सनविरुद्ध तक्रार केली. एरिक्सनने तिला दिल्लीत खेचलं. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने आयातीवर मनाई दिली, आणि वर्ष सरायच्या आत दोघांचा परवान्याचा करार झाला. कंपनी मुंबईची, वादी स्वीडनची, माल चीनचा आणि निवाडा दिल्लीत. मुंबई उच्च न्यायालयाचा पेटंट खटल्यांशी संबंध जुना आहे, पण मोबाइलच्या बाबतीत वकील, तज्ज्ञ आणि रूढ झालेल्या आदेशांची परंपरा दिल्लीतच जमली. २०२१ मध्ये तिथे बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभागही सुरू झाला.

मुंबईचा खरा मोठा प्रसंग विमानतळावर घडला, आणि त्यातला वादी बडी कंपनी नव्हता. लेसरने धातूवर-प्लास्टिकवर अक्षरं कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट मुंबईच्या एका उद्योजकाकडे होतं. फोनच्या बटणांवरची अक्षरं अशीच कोरलेली असतात. २००७ च्या नियमांनुसार त्याने आपलं पेटंट कस्टमकडे नोंदवलं, आणि एलजीसारख्या कंपन्यांचे फोन बंदरात-विमानतळावर अडकायला लागले. मदुराईच्या एका पेटंटधारकाने दोन सिमच्या फोनबाबत हेच केलं. एक सिम बोलायला आणि एक नेटला ही आपल्याकडची सर्रास सोय, तिच्यावर त्याचा हक्क होता. एलजीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, की पेटंट मोडलं की नाही हे कस्टमचा अधिकारी कसं ठरवणार? दिवाणी कोर्टाचा आदेश असल्याशिवाय माल अडवता येणार नाही. दोन सिमचं पेटंट त्याच वर्षी अपील मंडळाने रद्द केलं. २०१८ मध्ये त्या नियमांतून पेटंट हा शब्दच काढला गेला. लहान माणसाने मोठ्यांचा माल अडवला तेव्हा यंत्रणेला नियमातली खोट दिसली, असं म्हणायचा मोह होतो. पण न्यायालयाचं तर्कशास्त्र बरोबर होतं, हेही कबूल करायला हवं.

डिसेंबर २०१४ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन चिनी कंपन्यांवर दिल्लीतून घाव पडला. जुलैमध्ये भारतात आलेल्या शाओमीला ८ तारखेला एकतर्फी मनाई झाली, विक्री, आयात, जाहिरात सगळं बंद. आठ दिवसांनी सवलत मिळाली. ज्या फोनमध्ये क्वालकॉमची चिप आहे ते विका, पण दर फोनमागे १०० रुपये कोर्टात भरा. शाओमीचं म्हणणं होतं, की क्वालकॉमकडे एरिक्सनचा परवाना आहे, म्हणजे पैसे एकदा भरून झालेत. रेडमी वन एस त्यात बसला. मीडियाटेकच्या चिपवरचा रेडमी नोट मात्र अडकला. दोन्ही फोन दुकानात शेजारी-शेजारी मांडलेले, एकाचा सातबारा कोरा आणि दुसऱ्यावर बोजा. १६ तारखेलाच वनप्लसवर बंदी आली, तीही एका कार्यप्रणालीसाठी. सायनोजेन नावाच्या कंपनीने वनप्लसला जगभराचा हक्क दिला होता आणि मागाहून भारताचा एकट्याचा हक्क मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ला. एकच प्लॉट दोघांना विकल्याची ही तऱ्हा. काही दिवसांत खंडपीठाने बंदी उठवली, आणि २०१६ संपताना सायनोजेनच बंद पडली.

पुढे भांडण कोर्टाकोर्टांत लागलं. अमेरिकेच्या इंटरडिजिटलने २०२० मध्ये शाओमीवर दिल्लीत दावा केला. शाओमी त्याआधीच चीनच्या वुहान शहरातल्या कोर्टात जाऊन बसली होती. सप्टेंबरमध्ये वुहानने हुकूम काढला, की दिल्लीचा दावा थांबवा, नाहीतर रोज दहा लाख युआन दंड. दिल्लीने तो जुमानला नाही. न्या. हरि शंकर यांनी ऑक्टोबरमध्ये हंगामी आणि ३ मे २०२१ ला कायम आदेश दिला, की वुहानचा हुकूम इथे बजावायचा नाही आणि दंड झालाच तर तो शाओमीने भरून द्यायचा. भारतातला हा या प्रकारचा पहिला आदेश. ऑगस्टमध्ये दोघांचं मिटलं.

नोकिया-ओप्पोच्या प्रकरणात निराळा प्रश्न आला. २०१८ चा करार २०२१ मध्ये संपला आणि ओप्पो पैसे न भरता फोन विकत राहिली. जर्मनीत २०२२ मध्ये कोर्टाने नोकियाच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ओप्पोने तिथला बाजारच सोडला. भारत सोडणं परवडणारं नव्हतं. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने सांगितलं, की जुन्या करारात जेवढे भरले होते त्याच्या २३ टक्के आधी जमा करा, कारण ओप्पोच्या विक्रीत भारताचा वाटा तेवढा धरला. सुनावणी मग होईल. जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. या ‘आधी जमा करा’ पद्धतीवर टीका होते, पण मला ती रास्त वाटते. वर्षानुवर्षं फुकट वापरायचं आणि तारखा घेत राहायच्या, हा डाव तिने मोडला.

तारखांचं दुखणं मोबाइलपुरतं नाही. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून टीव्हीएसशी भांडण काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ ला वैतागून सांगितलं, की असे दावे रोज चालवा आणि शक्यतो चार महिन्यांत निकाली काढा. ते भांडण २०१९ मध्ये मिटलं.

या सगळ्या गर्दीत एकच खटला असा, की जो शेवटपर्यंत चालला, पुरावे-साक्षी झाल्या आणि आकडा उघड्यावर आला. एरिक्सन विरुद्ध लाव्हा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या दाव्याचा निकाल न्या. अमित बन्सल यांनी २८ मार्च २०२४ ला दिला. आठ पेटंटांपैकी एक रद्द, सात ग्राह्य. दर १.०५ टक्के, लाव्हाच्या निव्वळ विक्री किमतीवर, २०११ पासून २०२० पर्यंतचा. एकूण २४४ कोटी रुपये. चिपवर नव्हे, अख्ख्या फोनवर. २०१३ मध्ये आयोगाने सव्वा रुपया आणि साडेबारा रुपयांचं जे उदाहरण दिलं होतं, त्याचं उत्तर अकराव्या वर्षी आलं, आणि ते पेटंटवाल्याच्या बाजूने आलं. रुमाल उचलला गेल्यावर दिसलेला आकडा मात्र पहिल्या बोलीपेक्षा बराच लहान होता. त्या एका निकालामुळे उद्या वाटाघाटीला बसणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या हातात निदान एक छापील भाव आहे.

रॉयल्टी या शब्दाला नंतर आणखी एक वास येऊ लागला. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने शाओमीचे ५,५५१ कोटी रुपये गोठवले. आरोप असा, की रॉयल्टीच्या नावाखाली हा पैसा बाहेर पाठवला गेला. कंपनीने तो नाकारला, पैसे परवान्याचेच होते असं सांगितलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. दर झाकलेला असला की खरी रॉयल्टी कोणती आणि खोटी कोणती हे सरकारलाही सहजी सांगता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आमच्या दुकानदारांचं भांडण यात कुठेच नाही. त्यांचा राग निराळा आहे, नवा फोन आधी ऑनलाइन निघतो आणि दुकानात उशिरा येतो, तोवर हौशी गिऱ्हाईक गेलेलं असतं. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन-फ्लिपकार्टची चौकशी लावली. २०२४ मध्ये तपास अहवालांत सॅमसंग, शाओमी, वनप्लस, रिअलमी यांची नावं संगनमतात आल्याच्या बातम्या आल्या. एरवी एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या एका पंगतीला बसलेल्या दिसल्या त्या इथे. ते खटले सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवले.

परवा स्टँडजवळच्या एका दुकानात फोन बघत होतो. पाटी आता निळी नाही, हिरवीही नाही, स्वतःच्या नावाची आहे. बिलाचा नमुना मागितला. किंमत, त्यावर जीएसटी १८ टक्के, आयएमईआय नंबर, संपलं. मी त्यांना लाव्हाचा निकाल सांगितला, शेकड्याला एक रुपया पाच पैसे. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, “म्हंजी एवढ्यासाठी नऊ वर्षं भांडली व्हय?” मी विचारलं, तुम्हाला एका फोनमागे किती सुटतात? काच पुसायचं पिवळं फडकं त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी माझ्या हातावर टाकलं, खालून माझी दोन बोटं दाबली आणि हसत म्हणाले, “आता ह्याचं शेकडा धरायचं का हजार, ते तुमी ठरवा.”